छाया, पडछाया आणि वर्तना : चित्रकला-शिक्षणातील एक जुना प्रश्न

मुलांस वस्तूचे यथार्थ चित्र काढावयास शिकविताना छायाप्रकाशाला आरंभी स्थान द्यावे की मागाहून, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अध्यापनपद्धतीचा वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी छाया म्हणजे काय, याविषयीच्या निरनिराळ्या कल्पना आहेत. मुंबई इलाख्यातील कलाशिक्षणात या कल्पना एकमेकींशेजारी नांदल्या. त्यांतील भेद मात्र क्वचितच स्पष्ट केला गेला.

१८५७ साली मुंबईत सर ज. जी. कलाशाळेचे वर्ग सुरू झाले, तेव्हा इंग्लंडात साउथ केन्सिंग्टनचा शिक्षणक्रम दृढमूल होत होता. रिचर्ड रेडग्रेव्ह याने आखलेल्या या क्रमाचे २३ टप्पे होते. प्रथम उपकरणांच्या साहाय्याने रेखन, नंतर नमुन्यावरून बाह्यरेषा, मग घनवस्तूवरून बाह्यरेषा. छायांकनाला प्रारंभ चौथ्या टप्प्यात, आणि तोही छापील नमुन्यावरून. प्रत्यक्ष घनवस्तू समोर ठेवून छाया दाखविण्याचा प्रसंग पाचव्या टप्प्यापर्यंत येत नसे. हीच परंपरा मुंबईस आली. १८६५ मध्ये कलाशाळेत आलेले लॉकवुड किप्लिंग व जॉन ग्रिफिथ्स या दोघांचाही साउथ केन्सिंग्टनशी पूर्वसंबंध होता.

योगायोग असा की, १८५७ सालीच जॉन रस्किन याचे ‘एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ प्रसिद्ध झाले. त्यात बाह्यरेषेचे प्राधान्य नाकारून छटांच्या अभ्यासाने सुरुवात केली आहे, आणि पुढे एक साधा वाटोळा दगड विद्यार्थ्यापुढे ठेवला आहे. बारा-चौदा वर्षांखालील मुलास कलेच्या सक्तीच्या अभ्यासात गुंतवू नये, असेही रस्किनचे मत होते. त्यामुळे त्याची पद्धती शाळांसाठी जशीच्या तशी उपयोगी पडणारी नव्हती. परंतु दगडाची निवड मार्मिक होती. एका खिडकीच्या प्रकाशात पांढरा चेंडू किंवा दगड ठेवला असता सर्वांत गडद पट्टा कडेवर नसतो, कडेच्या किंचित आत असतो. मेजावरून परावर्तित झालेला प्रकाश कड उजळवितो. मूल बहुधा कडच काळी करते. नमुन्याची नक्कल करणाऱ्या मुलास प्रकाश कोठून येतो हे विचारण्याचे कारणच पडत नाही, कारण त्याचे उत्तर नमुना काढणाऱ्याने आधीच देऊन ठेवलेले असते.

या पद्धतीची खूण वर्गातील मराठीतही आढळते. सावली ‘पडते’; पडछाया या शब्दात तर पडणे हेच मुख्य. उलट चित्रकलेच्या तासाला शेड ‘देतात’, शेडिंग ‘करतात’. पहिल्या प्रयोगात क्रिया वस्तूकडे व प्रकाशाकडे आहे, दुसऱ्यात पेन्सिल धरणाऱ्याकडे. एवढ्यावरून शिक्षणाचा इतिहास सिद्ध होत नाही हे खरे. पण कागदावर द्यावयाची वस्तू अशी छायेची जी कल्पना नमुन्यांच्या अभ्यासाने रुजविली, तिच्याशी हा शब्दप्रयोग सुसंगत आहे.

मग यथार्थ छायाप्रकाश हा केवळ परकी आयात मानावा काय? विष्णुधर्मोत्तराच्या तृतीय खंडातील चित्रसूत्रात वर्तनेचे पत्रजा, ऐरिक व बिंदुजा असे तीन प्रकार सांगितले आहेत. आचार्य रेषेची प्रशंसा करतात आणि विचक्षण वर्तनेची, असेही तेथे म्हटले आहे. वस्तूचे निम्नोन्नत भाग दाखविता येणे हे चित्रवेत्त्याचे लक्षण मानले आहे. तेव्हा उठावाची जाण येथे जुनीच होती. मात्र वर्तना एका खिडकीच्या प्रकाशाला बांधलेली नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर शरीराचे गोलत्व कडेकडे गडद होणाऱ्या रंगाने आणि नाकाहनुवटीवरील उजळ स्पर्शांनी साधले आहे. जमिनीवर पडणारी सावली तेथे दाखविलेली नाही.

ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. शाळेत शिकलेले छायांकन आणि भिंतीवरील वर्तना या दोहोंचा संबंध त्यांच्या हातून प्रथम आला असावा. ज्या चित्रांत प्रकाशाची दिशाच नाही, त्यांची नक्कल करण्यास नमुन्यावरून घटविलेला हात अधिक सोयीचा ठरला असेल. खिडकीकडे पाहून दगड रेखाटण्याची सवय लागलेला विद्यार्थी बुद्धाच्या मुखावरील उजळ रेषेपाशी थोडा अडखळलाच असता.