गाभण डुकरिणीचा पिंजरा

* लेखक ज्याला नुसता ‘पिंजरा’ म्हणतो, ती सुमारे दोन फूट रुंद आणि सात फूट लांब अशी लोखंडी चौकट असते. डुकरीण साधारण ११४ दिवस गाभण राहते आणि त्यातले बहुतेक दिवस या चौकटीत काढते. उठता-बसता येते, पण वळता येत नाही.

मोकळीक मिळाली तर ती काय करते, हे स्टोल्बा आणि वुड-गश या संशोधकांनी एडिनबर्गजवळच्या मोकळ्या कुरणात पाहिले. पिढ्यान्‌पिढ्या पाळीव असलेल्या या माद्या विण्याआधी कळपापासून दूर जाऊन गवत-फांद्यांचे घरटे रचत!

ब्रिटनने हे पिंजरे १९९९मध्ये बंद केले. युरोपीय संघात २०१३पासून गाभण माद्या गटात ठेवणे सक्तीचे आहे. पहिल्या चार आठवड्यांना मात्र सूट आहे. गटातही खाण्यावरून मारामाऱ्या होतात, दुबळीला चावे बसतात. पुरेशी जागा, पेंढा आणि प्रत्येकीच्या खाद्याची वेगळी सोय केली, तर ते बरेच आटोक्यात येते. पिंजऱ्यातल्या कोंडीवर असा उपाय नाही, म्हणून लेखकाचा आक्षेप आम्हांला रास्त वाटतो.

पिल्ले अंगाखाली चिरडू नयेत म्हणून विण्याच्या वेळी वापरला जाणारा पिंजरा युरोपीय संघात आजही कायदेशीर आहे. — संपा.