कमला भागवत यांचे परीक्षेचे वर्ष

१९९७ साली इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनने एका जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंचा सत्कार केला. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. पंच्याऐंशी वर्षे ओलांडलेल्या कमलाबाईंनी त्या दिवशी सी. व्ही. रामन यांच्याविषयी जे सांगितले ते सत्काराच्या भाषणात सहसा कोणी सांगत नाही. रामन थोर वैज्ञानिक होते, पण मनाने कोते होते. केवळ बाई म्हणून त्यांनी मला जसे वागवले ते मी विसरू शकत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. नोबेल मिळवलेला माणूस असे वागतो, तर इतरांकडून काय अपेक्षा ठेवायची, असेही त्या म्हणाल्या.

प्रसंग १९३३चा, रामन संचालक असलेल्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या प्रवेशाचा; कथन १९९७चे. मध्ये चौसष्ट वर्षे. या पुराव्याचा भार किती, हे आधी ठरवले पाहिजे. चौसष्ट वर्षांनी माणसाला झालेला अपमान नेमका आठवतो. कोणी कोणते शब्द उच्चारले, खोलीत कोण कोण होते, हे तितके नेमके राहत नाही. त्यामुळे या भाषणातून मी दोनच गोष्टी पक्क्या धरतो. कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनी म्हणून घेतले गेले नाही, आणि त्याचे कारण आपले बाईपण होते अशी त्यांची अखेरपर्यंत खात्री होती. त्यांची खात्री हा मात्र अजून आपला निष्कर्ष नव्हे.

दुसरे साधन २००८चे. रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी संपादित केलेल्या ‘लीलावतीज डॉटर्स’ या ग्रंथात वसुमती धुरू यांनी कमलाबाईंवर लेख लिहिला. पुढे वर्तमानपत्रांतून, भाषणांतून जी गोष्ट फिरत राहिली तिचा मोठा भाग या लेखातून आलेला आहे. ग्रंथ कोणी काढला तेही पाहावे: बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने. ही अकादमी १९३४ साली खुद्द रामन यांनी स्थापन केली. प्रकाशकाच्या संमतीने घटना सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही संस्थापकाला कमीपणा आणणारी हकीकत त्याच्याच अकादमीने छापावी, याला साक्षीच्या तराजूत काही वजन द्यावेच लागते.

लेखातली हकीकत अशी. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत कमलाबाई १९३३ साली गुणवत्ता यादीत पहिल्या आल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला पदार्थविज्ञान. त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेला तेव्हा सगळे टाटा इन्स्टिट्यूटच म्हणत. अर्ज नाकारला गेला. नकाराचे कारण विचारायला त्या बंगळूरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. वर्षभर त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नाहीत. संचालकांचे समाधान होईपर्यंत त्यांच्या कामाला अधिकृत मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरासुद्धा, काम करायचे. आणि प्रयोगशाळेतले वातावरण त्यांच्यामुळे बिघडता कामा नये.

ही हकीकत पुढे ज्यांनी ज्यांनी सांगितली त्यांच्या तपशिलांत फरक आहेत. काही जण सांगतात की कमलाबाईंनी रामन यांच्या दालनाबाहेर सत्याग्रह केला. १९३३च्या हवेत हा शब्द होताच, आणि कायदेभंगाच्या त्या वर्षांत वाढलेल्या मुलीने तो उच्चारला असेलही. पण मूळ घटना एवढीच असू शकते की एक मुलगी कारण कळल्याशिवाय जायला तयार नव्हती, आणि सत्याग्रहाचा रंग मागाहून चढला. मी तो शब्द बाजूला ठेवतो. अटींचा गाभा मात्र सगळीकडे सारखा आहे: वर्षभराची परीक्षा आणि इतरांचे लक्ष विचलित न करण्याची ताकीद.

आता संशयितालाही न्याय दिला पाहिजे. रामन १९३३ सालीच कोलकात्याहून बंगळूरला आले. तोवर संस्थेचे संचालक इंग्रज असत. रामन पहिले भारतीय. त्यांनी नवा पदार्थविज्ञान विभाग उभा केला, आणि त्याच्या खर्चापायी आपली ओढाताण होते अशी जुन्या विभागांची तक्रार झाली. प्रकरण इतके वाढले की १९३६ साली जेम्स आयर्विन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९३७ साली रामन यांनी संचालकपद सोडले. मग असे म्हणता येईल का, की नव्या संचालकाला रसायनाकडच्या विभागांतली भरतीच आवळायची होती आणि कमलाबाई त्या चिमटीत सापडल्या? वरवर शक्य वाटते. पण जागांची किंवा पैशांची अडचण असती तर अट जागांची किंवा पैशांची घातली गेली असती. वातावरण बिघडवू नये ही अट मुलग्याला कोणी घालत नाही.

पात्रतेचा मुद्दाही टिकत नाही. पहिला क्रमांक मिळवलेल्या मुलीला पात्र नाही म्हणणे अवघड. ओळखपाळख नव्हती म्हणावे तर वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि दोघेही याच टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेले. शिवाय कमलाबाई रामन यांच्या हाताखाली काम करायला आल्याच नव्हत्या. त्यांचा विषय जीवरसायन, मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या. रामन यांच्या विषयाशी, प्रकाशाच्या विकिरणाशी, त्यांचा संबंध नव्हता. म्हणजे नकार मार्गदर्शकाने दिलेला नव्हता, प्रशासकाने दिलेला होता.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र उलट्या दिशेने येतो. कमलाबाई या संस्थेतल्या पहिल्याच विद्यार्थिनी असे वारंवार लिहिले जाते. संस्थेच्या जुन्या नोंदींत १९२०च्या दशकातही एखाददुसरी विद्यार्थिनी दिसते. यामुळे ‘पहिल्या’ हा किताब जातो. आरोप मात्र अधिक जड होतो. संस्थेत बाईला बंदी असल्याची परंपराच असती तर नवे संचालक केवळ वहिवाट चालवत होते असे म्हणता आले असते. दार आधी किलकिले उघडले गेले होते. १९३३ साली ते एका माणसाच्या मर्जीने लावले गेले, असेच या नोंदींवरून अनुमान निघते.

आता आठवणी सोडून छापील कागदाकडे वळू. १९३५ सालच्या ‘बायोकेमिकल जर्नल’ या ब्रिटिश नियतकालिकात कडधान्यांतल्या अप्रथिन नत्रावर एक निबंध आहे. लेखक भागवत आणि श्रीनिवासय्या. मटकीतल्या ग्लोब्युलिन प्रथिनांवरचे कमलाबाईंचे कामही याच काळातले. धान्यातले प्रथिन मोजताना रसायनशास्त्रज्ञ त्यातला नत्र मोजतात आणि त्या आकड्याला ६.२५ने गुणतात. यात एक फसगत आहे. बियांतला सगळाच नत्र प्रथिनाचा नसतो. काही सुट्या अमिनो आम्लांत आणि तशाच लहान संयुगांत असतो. तो वेगळा काढला नाही तर डाळ कागदावर आहे त्याहून पौष्टिक दिसते. म्हणून पिठाचा अर्क काढायचा, त्यातले प्रथिन साकळून बाजूला करायचे आणि उरलेल्या द्रवातला नत्र पुन्हा मोजायचा. एका कडधान्याचे झाले की दुसरे. डाळीवर जगणाऱ्या देशात गरिबाच्या ताटात खरोखर किती प्रथिन पडते, हे कळायचा रस्ता यातूनच जातो.

माझ्या दृष्टीने या निबंधाचे मोल त्याच्या तारखेत आहे. १९३५ साली परदेशी नियतकालिकात छापून यायचे तर प्रयोग निदान १९३४मध्ये झालेले असणार. प्रवेश १९३३चा, म्हणजे परीक्षेचे वर्ष १९३४मध्ये केव्हातरी संपले. तेव्हा ज्या कामाला अधिकृत मान्यता नव्हती त्याच कामाचा काही भाग या निबंधात उतरला असावा. हे अनुमान आहे. निबंधावर प्रयोगांच्या तारखा नसतात. निश्चित एवढे की दोन वर्षांच्या आत कमला भागवत हे नाव लेखक म्हणून छापले गेले, आणि १९३६ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना संशोधनावर एम.एस्सी. दिली. धुरूंच्या लेखानुसार वर्ष संपल्यावर रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर त्यांनी मुलींना प्रवेश देऊ केला.

हा बदल खरा की काय, हे रामन यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेवरून पडताळता येते. आभा सूर यांनी तिथल्या तीन स्त्रियांचा अभ्यास केला आहे: ललिता दोराईस्वामी, सुनंदाबाई आणि अ‍ॅना मणी. म्हणजे दार उघडले हे खरे. पण तिथेही मुलामुलींनी एकमेकांत मिसळलेले रामन यांना खपत नसे, असे सूर यांच्या लेखनातून दिसते. १९३३ची वातावरणाची अट आणि ही पुढची शिस्त एकाच मनातून आलेली दिसते, आणि त्यामुळे कमलाबाईंच्या उतारवयातल्या आठवणीला बाहेरून आधार मिळतो. अ‍ॅना मणींनी हिरा आणि माणकाच्या दीप्तीवर पाच निबंध एकटीच्या नावाने लिहिले आणि १९४५ साली पीएच.डी.चा प्रबंध दिला, एम.एस्सी. नाही म्हणून ती पदवी त्यांना मिळाली नाही. अनेक जण हेही रामन यांच्या खात्यात टाकतात. ते चूक आहे. पदवी नाकारली ती मद्रास विद्यापीठाने. एकाच्या नावावर दुसऱ्याचा दोष लिहिला की खऱ्या दोषाचीही किंमत कमी होते.

पुढचे कमलाबाईंचे आयुष्य चांगले नोंदलेले आहे, म्हणून भरभर सांगतो. केंब्रिजमध्ये डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम, १९३९च्या ‘नेचर’मध्ये हिल आणि भागवत यांचे सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर टिपण, त्याच वर्षी पीएच.डी. विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असे त्यांना म्हणतात, तेही तपासून घ्यावे: जानकी अम्मल यांना अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ सालीच मिळाली होती. परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, आणि १९४७ साली लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे त्यांनी पुन्हा कडधान्ये हाती घेतली. वाल आणि डबल बीमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे पदार्थ असतात; ते त्यांच्या प्रयोगशाळेने स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९५५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले.

याच मुंबईच्या संस्थेत एक दुसरा संशय उभा राहतो. धुरू लिहितात की संचालकपदाचा हक्क असताना अंतर्गत राजकारणामुळे कमलाबाईंना चार वर्षे त्यापासून दूर ठेवले गेले. इथे मी अधिक सावध आहे. बंगळूरमध्ये अट तोंडाने घातली गेली, तिचा मजकूर एका बाईला उद्देशून होता, आणि आधीच्या विद्यार्थिनी व नंतरची शिस्त अशा दोन्ही बाजूंनी तिची पडताळणी होते. मुंबईत विलंब आहे, पण विलंबाचे कारण कोणी उच्चारलेले नाही. सेवाज्येष्ठतेची यादी, नेमणुकीची टिपणे आणि मधल्या चार वर्षांत खुर्चीवर कोण होते, हे तिन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय त्याला भेदभाव म्हणायला माझे मन धजत नाही. संचालकपद अखेर त्यांना मिळाले, आणि १९६९ साली त्या निवृत्त झाल्या.