आट्यांतली फट

गिरणगावाचा इतिहास भोंग्यापासून सांगतात, नट-बोल्टपासून कोणी सांगत नाही.

१८५६मध्ये ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची सूतगिरणी वाफेवर सुरू झाली. मागोमाग परळ-लालबागेत धुराडी उभी राहिली. नट कितीही आवळला तरी आट्यांमध्ये एक सर्पिल वाट उरतेच. तिच्यातून वाफ बाहेर पडते, समुद्राची खारी हवा आत शिरते.

मँचेस्टरच्या व्हिटवर्थने १८४१मध्ये आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसू लागला. फट मात्र राहिलीच. ती बुजवण्याची तेव्हाची एक रूढ रीत म्हणजे तागाचे धागे आणि जवसाच्या तेलात मळलेला शेंदूर. होय, मारुतीला लावतात तोच! शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, विषारी. अंगच्या कड्यानेच फट बंद करणारा नट विसाव्या शतकातला. तोवर हे विष कामगाराच्या बोटांवरच राहिले.