ऑडिओ डॉक्युमेंटरी : बाबासाहेबांच्या १९५५ च्या मुलाखतीचा धडा

मुलाखती, जुनी ध्वनिमुद्रणे आणि निवेदन यांच्या आधारे इतिहास, राजकारण किंवा समाजातील मोठा प्रश्न उलगडणारा श्राव्य कार्यक्रम म्हणजे ऑडिओ डॉक्युमेंटरी. माणूस काय म्हणाला हे पुस्तकातही कळते. तो ते कसे म्हणाला, हे मात्र ऐकूनच कळते.

२६ फेब्रुवारी १९५५ रोजी फ्रान्सिस वॉटसन यांनी बीबीसी रेडिओसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मुलाखत घेतली. विषय होता गांधीजी. १९३२ चा पुणे करार कोणत्या परिस्थितीत झाला, गांधीजींच्या इंग्रजी आणि गुजराती लेखनात जातीविषयी कोणता फरक होता, हे बाबासाहेब त्यात मुद्देसूद सांगतात.

आज या मुलाखतीचे छोटे तुकडे मोबाईलवर फिरतात. तुकड्यात मत उरते, युक्तिवाद गळून पडतो. मग विरोधक त्याला द्वेष म्हणतात आणि आपण नुसत्या टाळ्या वाजवतो. म्हणून आपण संपूर्ण मुलाखत ऐकावी, सोबत बाबासाहेबांचा १९४५ चा काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथ वाचावा. कोणतीही डॉक्युमेंटरी ऐकताना विचारावे : बोलणारा कोण, केव्हाचे बोलणे, संपादन कोणाचे, काय वगळले?

दुसरे काम अधिक तातडीचे आहे. १९५६ ची धम्मदीक्षा डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता मोजकीच उरली आहेत. त्यांच्या परवानगीने, नाव, गाव आणि तारखेसह, त्यांचे बोलणे आपण मोबाईलवर नोंदवून ठेवू. मूळ ध्वनिमुद्रण न कापता जपू. उद्याची डॉक्युमेंटरी त्यातूनच घडेल.