आधी पडदा, मग एसएमपीएस: दापोऱ्यातला गेमिंग पीसी

गेमिंग पीसीचं कोटेशन दुकानदार प्रोसेसरपासून लिहायला घेतो. वर प्रोसेसर, त्याखाली बोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, आणि पैसे संपत आले की तळाशी ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यासह कॅबिनेट, अशी एक ओळ. बुऱ्हाणपूर, जळगाव, इंदूर, कुठेही जा, क्रम हाच. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दापोऱ्यासारख्या गावात मात्र हा कागद खालून वर वाचावा, असं माझं म्हणणं आहे. केळीचा पट्टा, खानदेशचा शेजार, उन्हाळ्यात पंचेचाळिशीला टेकणारा पारा, येणारी-जाणारी लाइट आणि दूरच्या शहरातलं सर्व्हिस सेंटर. एसी खोलीत बसून केलेल्या पार्टलिस्टमध्ये यातलं काहीच धरलेलं नसतं.

पण त्याआधी ‘हाय-एंड’ म्हणजे किती, हे ठरवायला हवं, आणि ते पडदा ठरवतो. 1920 गुणिले 1080 च्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेममध्ये सुमारे 20.7 लाख पिक्सेल रंगवावे लागतात. 2560 गुणिले 1440 वर 36.9 लाख, फोर-केवर 82.9 लाख, म्हणजे पहिल्याच्या चौपट. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात. 144 हव्या असतील तर जेमतेम 6.9. सगळा खर्च पिक्सेल आणि फ्रेम या दोन आकड्यांच्या गुणाकारातून निघतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक 2 मध्येच रमणाऱ्याला 1080 चा वेगवान पडदा आणि तरतरीत प्रोसेसर हवा. सायबरपंक 2077 किंवा ब्लॅक मिथ: वुकाँग खेळणाऱ्याचा पैसा ग्राफिक्स कार्डात जातो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 2020 सालचा ‘राजी’ मध्यम कार्डावरही छान चालतो. ‘सगळंच खेळायचंय’ असं उत्तर आलं, आणि बहुतेकांचं तेच येतं, तर मर्यादित पैशांत 1440 चा 27 इंची पडदा हीच रेषा आखावी. फोर-केचा हट्ट बजेटवाल्याने सोडून द्यावा.

पडदा ठरला की प्रोसेसर आणि कार्ड यांचं प्रमाण आपोआप दिसू लागतं. पाच एचपीची मोटर घेतली आणि पाइपलाइन दीड इंची टाकली तर शेतात पाणी पाइपाएवढंच पडतं. 1080 वर बहुधा प्रोसेसर हा तो पाइप असतो. 1440 वर कार्ड. म्हणून 1440 साठी सहा कोअरचा रायझन 5 7600 पुरतो, आणि आठ कोअरच्या 7800 एक्सथ्रीडीवर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा ते कार्डात घातलेले बरे. मॉनिटर वगळून लाखभराचा हिशेब मांडला तर मी चाळीस-पंचेचाळीस हजार कार्डाला आणि पंधरा-सोळा हजार प्रोसेसरला देईन. सात-आठ हजार एसएमपीएससाठी बाजूला काढीन आणि त्यांना काही झालं तरी हात लावणार नाही.

कार्डाच्या बाबतीत एकच गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे: मेमरी किती, आणि ती भरल्यावर काय होतं. आरटीएक्स 5060 टीआय हे कार्ड 8 आणि 16 जीबी अशा दोन रूपांत मिळतं. दोन्हींत चिप तीच, आणि दोन्हींत मेमरीचा वेग सेकंदाला 448 जीबी. टेक्स्चर 8 जीबीत मावेनासे झाले की जादा माल बोर्डावरच्या रॅममध्ये जातो आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने ये-जा करतो. हे कार्ड 16 ऐवजी 8 लेनच वापरतं. जुन्या बी450 बोर्डावर लेनची पिढी तिसरी, म्हणजे ती वाट सेकंदाला 8 जीबीच्याही आतली. 448 च्या सवयीचं काम अचानक 8 वर येतं. सरासरी फ्रेमरेट कागदावर चांगला दिसतो, पण वळणावर चित्र अडखळतं. जुना बोर्ड ठेवून नवं कार्ड घालणाऱ्यांची तक्रार पुष्कळदा हीच असते, आणि दोष मात्र ते प्रोसेसरला देतात. 1440 साठी 16 जीबीचंच कार्ड घ्यावं. एएमडीचं आरएक्स 9060 एक्सटी 16 जीबीही त्याच तोलाचं आहे. दोघांत जे स्वस्त मिळेल ते.

रॅमने सध्या सगळे ठोकताळे मोडले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की 2025 च्या अखेरीस किरकोळ भाव भडकले. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पूर्वी डोळे झाकून 32 जीबी सांगता येत होतं. आता 16 जीबीवर भागवावं लागलं तर भागवावं, पण 8-8 च्या दोन पट्ट्या घ्याव्यात, कारण एकाच पट्टीने मेमरीची अर्धी वाट बंद राहते. पुढे आणखी पट्ट्या घालता याव्यात म्हणून बोर्ड मात्र चार खाचांचा हवा. एसएसडी 1 टीबीची साधी एनव्हीएमई पुरे. पाचव्या पिढीच्या महागड्या एसएसडीने गेममध्ये डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाही.

आता विजेकडे. वर सांगितलेल्या जोडणीत कार्ड 180 वॉट, प्रोसेसर पूर्ण जोरात 88 वॉट, बोर्ड-पंखे-एसएसडी मिळून पन्नास-साठ. म्हणजे आतला भार 320-330 वॉट. एसएमपीएसची स्वतःची गळती धरून भिंतीतून सुमारे 370 वॉट खेचले जातात. मॉनिटर धरला की 400. बाजारात सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॉटचाच असतो. लाइट गेली की तो गेम वाचवत नाही, ओव्हरलोडची शिट्टी मारून बसतो. इथे 1000 व्हीए, 600 वॉटचा लागतो. घरात इन्व्हर्टर असेल तर आणखी एक आकडा लक्षात ठेवावा: वीज तुटल्यावर चांगला एसएमपीएस पूर्ण भाराच्या आसपास 12 ते 17 मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरचा साधा मोड त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. तो ‘यूपीएस मोड’वर ठेवला तरच मशीन रीस्टार्ट न होता चालू राहण्याची आशा. आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा. चौकोनी लहरीवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे काही एसएमपीएस कुरकुर करतात, काही सरळ बंद पडतात.

संध्याकाळी डीपीवर भार चढला की व्होल्टेज खाली येतं. 230 वर 370 वॉटला 1.6 अँपिअर लागतात. 170 वर तेच 2.2 होतात. 100 ते 240 व्होल्ट असा पट्टा छापलेला एसएमपीएस हे निमूट सोसतो, त्याला स्टॅबिलायझरही लागत नाही. ज्याच्या पाठीवर 115/230 चा लाल खटका आहे तो सोसत नाही, आणि कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ येणारे असे पुष्कळ असतात. डब्यावर 80 प्लस ब्राँझ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नये; ते प्रमाणपत्र कार्यक्षमतेचं आहे, शॉर्टसर्किट किंवा ओव्हरव्होल्टेजपासूनच्या संरक्षणाबद्दल ते काही सांगत नाही. नामांकित कंपनीचा, पाच वर्षं किंवा अधिक वॉरंटीचा 650 वॉटचा घ्यावा. 450 वर भागेल असं गणित सांगतं खरं, पण कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या बरंच वर उडी घेतं, आणि पुढचं कार्ड याच एसएमपीएसवर चालवायचं असतं.

अर्थिंगचा विषय दुकानात कोणी काढत नाही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला अनवाणी पायांनी हात लावला की झिणझिण्या येतात, आणि घरचे म्हणतात ‘मशीन करंट मारतंय’. मशीन बहुधा ठणठणीत असतं. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थची तार कुठेच पोचत नसेल तर पत्रा मधल्या व्होल्टेजवर, म्हणजे 115 च्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी किरकोळ, पण एचडीएमआयची केबल टीव्हीला लावताना ठिणगी उडून पोर्ट जाऊ शकतो. मीठ-कोळशाचा खड्डा करून नीट अर्थिंग घ्यायला येणारा खर्च हा मी पीसीच्याच बजेटात धरतो. दिव्यांच्या माळा लावलेल्या पंख्यांच्या संचापेक्षा तो स्वस्त पडतो.

उन्हाचं गणित बेरजेचं आहे. पंचवीस अंशांच्या खोलीत प्रोसेसर 72 वर राहत असेल तर फरक 47 चा. खोली 42 वर गेली की तोच प्रोसेसर 89 वर. रायझन 7600 ची मर्यादा 95. म्हणजे परीक्षणात ‘पुरेसा’ ठरलेला डब्यातला कूलर इथे काठावर येतो, म्हणून दीड-दोन हजारांचा टॉवर कूलर घ्यावा. शिवाय भिंतीतून खेचलेला प्रत्येक वॉट शेवटी खोलीतच उष्णता होऊन उतरतो. 304 वॉटचं आरएक्स 9070 एक्सटी इथे न घेण्याचं हे मला किमतीएवढंच वजनदार कारण वाटतं. सॉफ्टवेअरमधून कार्डाची वीजमर्यादा 80 टक्क्यांवर आणली तर वेग सहसा थोडाच घटतो आणि पंखे शांत होतात. मे महिन्यापुरतं तसं करावं. खोलीत डेझर्ट कूलर असेल तर उत्तमच, कोरड्या हवेत तो चांगलं काम करतो. फक्त कॅबिनेट त्याच्या थेट झोतात नको, कारण शिंतोड्यांबरोबर क्षारही बोर्डावर जाऊन बसतात.

काळ्या मातीची धूळ आणि, बुऱ्हाणपुरात पॉवरलूमजवळ घर असेल तर, कापसाचे तंतू. तंतू धुळीपेक्षा वाईट, ते रेडिएटरच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. म्हणून कॅबिनेटला समोर जाळी हवी, तिला काढता येणारं फिल्टर, आणि हवा आत घेणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त. समोर काच असलेलं कॅबिनेट फोटोत छान दिसतं, इथे ते घेऊ नये.

राहिला प्रश्न कुठून घ्यायचं. जीएसटी आल्यापासून संगणकाच्या भागांवर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत 18 टक्केच, तेव्हा जळगावात स्वस्त की इंदूरला, ही व्हॅटच्या काळातली चर्चा आता निरर्थक आहे. फरक असलाच तर दुकानदाराच्या मार्जिनचा. जुन्या मालात प्रोसेसर घ्यायला हरकत नाही, तो क्वचितच बिघडतो. जुनं कार्ड जपून घ्यावं. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमचं मायनिंग थांबल्यावर वर्षानुवर्षं दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली, आणि त्यांतली काही नवी पेस्ट लावून अजून फिरताहेत. अर्धा तास पूर्ण भारावर चालवून मेमरीचं तापमान पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एसएमपीएस जुना कधीच घेऊ नये. कार्ड आणि एसएमपीएस या दोन वस्तू, चार पैसे जास्त पडले तरी, जिथे पहिल्या बसने जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा दुकानातून, सिरियल नंबर टाकलेल्या पक्क्या बिलावर घ्याव्यात. बाकी सगळं ऑनलाइन जिथे स्वस्त मिळेल तिथून मागवावं.