चित्रफितीच्या कडा

पारध्याच्या जाळ्यात अडकलेले पक्षी एकाच वेळी पंख मारतात, जाळ्यासकट उडतात आणि मित्र उंदरांकडून जाळे कुरतडून घेतात. पंचतंत्रातल्या चित्रग्रीव कबुतराची आणि हिरण्यक उंदराची ही गोष्ट दूरदर्शनसमोर वाढलेल्या मुलांना ‘एक अनेक और एकता’ या सुमारे सात मिनिटांच्या अ‍ॅनिमेशनपटामुळे पाठ झाली. आज त्याच्या कितीतरी प्रती इंटरनेटवर फिरतात. त्या तिथे आल्या चाहत्यांमुळे. कुणी घरची व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून घेतली, कुणी दुसऱ्याच्या प्रतीवरून प्रत केली. वर्ष बहुधा १९७४ दिलेले असते. दिग्दर्शक म्हणून मात्र कुठे भीमसैन यांचे नाव दिसते, कुठे विजया मुळे यांचे. इतक्या ओळखीच्या फितीचा जन्मदाखला एकदा तपासून पाहायला हवा.

आधी वर्ष. या फितीचे संगीत वसंत देसाई यांचे आहे. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे संगीत त्या तारखेआधीचे. ही वरची कड पक्की. खालची कड एका बालस्वराने सापडते. गाणारी मुलगी साधना घाणेकर, पुढे साधना सरगम या नावाने प्रसिद्ध झालेली गायिका, मार्च १९६९ मध्ये दाभोळला जन्मली. १९७४ साली ती पाच वर्षांची होती. सूर आणि शब्द इतके स्वच्छ सांभाळणारी मुलगी याहून फार लहान असेल असे वाटत नाही. हे अनुमान आहे, दाखला नव्हे. तरी दोन्ही कडा जुळवल्या की फट दोनेक वर्षांचीच उरते आणि १९७४ हे प्रचलित वर्ष तिच्यात नीट बसते. एका मृत्यूची तारीख आणि एका मुलीचे वय मुलांच्या सात मिनिटांच्या गोष्टीला काळाच्या पट्टीवर बसवतात, हे मला आजही विलक्षण वाटते.

हे काम देसाईंकडे का आले असावे? ‘गुड्डी’ (१९७१) मधली त्यांची प्रार्थना तोवर शाळाशाळांत म्हटली जाऊ लागली होती आणि महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांकडून समूहगान करून घेण्यासाठी त्यांनी मनापासून कष्ट घेतले होते. एकतेच्या गीताचे शब्द पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. दिल्लीचे गांधर्व महाविद्यालय १९३९ साली त्यांनीच स्थापन केले. मुलांना एकत्र गायला लावणारी दोन घराणी इथे भेटली, असे मी समजतो.

आता दिग्दर्शकाचा प्रश्न. भीमसैन यांचा दावा सहज उडवून लावता येत नाही. फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमी रंगवण्यापासून ते वर आले. ‘द क्लाइम्ब’ (१९७०) या त्यांच्या अ‍ॅनिमेशनपटाला शिकागोच्या महोत्सवात सिल्व्हर ह्यूगो मिळाला. या फितीतली चित्ररचना आणि चलन त्यांचेच. पण दिग्दर्शन विजया मुळे यांचे. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली ही कृती त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या मुळे पाटण्याच्या आणि दिल्लीच्या फिल्म सोसायट्यांच्या संस्थापकांपैकी एक. एनसीईआरटीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राच्या त्या प्रमुख होत्या आणि उपग्रह दूरचित्रवाणीच्या ‘साइट’ प्रयोगासाठी मुलांचे कार्यक्रम तयार करण्याचे काम या केंद्राकडे होते. हा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभर, सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत चालला. फितीची गोष्ट खेड्यातल्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून रचली असेल का? तारखा या शक्यतेच्या आड येत नाहीत. त्यापलीकडे मी जात नाही.

प्रती पाहताना आणखी एक पुरावा हाती लागतो, तो आठवणींचा. फीत रंगीत आहे. पण १५ ऑगस्ट १९८२ पर्यंत आपल्याकडे नियमित प्रक्षेपण कृष्णधवल होते. म्हणून गिरगावातल्या ज्या माणसाला टीव्हीवरच्या या पक्ष्यांचे रंग लहानपणापासून आठवतात, त्याची आठवण त्या तारखेनंतरची असली पाहिजे. नाहीतर पुढे पाहिलेले रंग त्याने आधीच्या आठवणीत भरले असावेत.

ही फीत तगली त्याला कारण तिचे माध्यम. ती फिल्मवर चित्रित झाली आणि पेडर रोडवर मुख्यालय असलेल्या फिल्म्स डिव्हिजनने प्रदर्शित केली. तिथून थोड्याच अंतरावर, वरळीच्या मनोऱ्याखाली, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. तिथल्या ‘किलबिल’ने दादर-परळच्या मुलांच्या संध्याकाळी भरून टाकल्या, गुजराती मुलांसाठी ‘संताकुकडी’ होती, म्हणजे लपंडाव. हे कार्यक्रम मात्र नावाप्रमाणेच लपून बसले. सुरुवातीच्या काळात पुष्कळसे थेट प्रक्षेपित होई. जे मुद्रित होई त्याची फीत महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरली जाई. मुंबई दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी आज आपला उरलेला साठा यूट्यूबवर देते आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. पण केंद्रातच जे पुसले गेले ते कुणाच्या घरात उरले असेल, तरच परत येईल.

असे घडते, याला आधार आहे. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातले बरेच भाग पुसून टाकले. चित्र हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आज उपलब्ध आहे, कारण चाहत्यांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपला होता.

म्हणूनच फीत इंटरनेटवर चढवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. सुरुवातीची श्रेयनामावली, निवेदिकेचे वाक्य, मध्येच आलेली जाहिरात, पडद्यावरचे घड्याळ हे काही कापू नका. तुम्हाला तो कचरा वाटेल, पण कार्यक्रम कोणत्या वर्षी, कोणत्या वेळी लागला हे त्या कडाच सांगतात. कॅसेटवरचा घरच्या अक्षरातला कागदही उपटू नका. त्याचा फोटो काढून सोबत ठेवा. मुंबईच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी चढते. तशी कॅसेट लगेच यंत्रात घातली तर फीत आणि यंत्राचे हेड दोन्ही खराब होतात, तेव्हा आधी ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी. लालबागमधल्या एखाद्या कपाटात लग्नाची कॅसेट पडली असेल, तर ती सनईपाशी थांबवू नका. कोरी राहिलेली शेवटची पाच-दहा मिनिटे घरातल्या मुलांनी वापरली असण्याचा संभव बराच आहे.