पालखीतळ

पालखीतळ म्हणजे पायी वारीत पालखीचा मुक्काम पडतो ती जागा. दिवसाची चाल, पिण्याचे पाणी आणि दिंड्यांच्या राहुट्यांना पुरेसे मैदान पाहून ती ठरते. आषाढी वारी पावसाळ्यात असल्याने निचऱ्याची जमीन आवश्यक असते. सखल जागी राहुट्यांत पाणी शिरते. परंपराही महत्त्वाची असते. संत ज्ञानेश्वरांची पालखी दिवे घाट चढून, संत सोपानदेवांची समाधी असलेल्या सासवडला दोन रात्री थांबते. पंढरपूरजवळील वाखरीत अनेक संतांच्या पालख्या एकत्र येत असल्याने तेथे विस्तीर्ण तळ लागतो.

इतर पायी यात्रांनाही हेच निकष लागू पडतात. यवतमाळ जिल्ह्यातून माहूरला जाताना सीमेवरील पैनगंगा ओलांडावी लागते. तेथे मुक्कामाची जागा पूररेषेबाहेर असणे आवश्यक ठरते.